कवेलूची सावली

मे महिना लागला की नागपुरात कवेलू फेरणाऱ्यांना जावयाचा मान येतो. एरवी त्यांना कुत्रं विचारत नाही. पण मृग नक्षत्र आठ-पंधरा दिवसांवर आलं की चांगल्या चांगल्या वकिलांच्या बायका दारात उभ्या राहून, "उद्या नक्की येता ना गा?" म्हणून गळ घालतात. छपरावरची सगळी कवेलं, म्हणजे कौलं, खाली उतरवायची, वर्षभराची धूळ आणि चिमण्यांचे संसार झाडून काढायचे, माकडांनी फोडलेली बाजूला टाकायची आणि धड तेवढी पुन्हा वर चढवून ओळीनं मांडायची. हे काम दोघांचं. एक खाली उभा राहून फेकतो, दुसरा वर बसून झेलतो.

नागपुरात महाल पेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत या कामात शालिकराम आणि गोपिका यांच्या जोडीचं नाव होतं. नवरा वर, बायको खाली. बाईमाणूस कवेलू फेकते याचं नव्या गिऱ्हाइकाला हसू यायचं, आणि पहिली चळत वर गेली की ते हसू गिळावं लागायचं. गोपिका चणीनं लहान, हाताची काडी. पण तिचं कवेलू हातातून सुटलं की असं जायचं, जणू त्याला वरून कोणी बोलावलंय.

तिची एक रीत होती. काम सुरू करण्यापूर्वी ती घराकडं पाहत मागं मागं सरकायची आणि एका जागी टाचेनं मातीत रेघ ओढायची. वळचणीच्या अगदी खाली उभं राहिलं तर कवेलू वळचणीलाच आपटणार, फार लांब उभं राहिलं तर भिंतीपाशीच दम टाकणार. त्या रेघेवर पाय रोवून ती कवेलू उचले आणि हातातल्या पितळी कड्यानं त्याला टिचकी मारी. तडा नसला तर कवेलू 'टण्ण' वाजतं, असला तर 'बद्द'. टण्ण वाजलं की हात एकदा मागं, मग पुढं, आणि कवेलू हवेत. वर शालिकरामच्या हातात ते पोचे तेव्हा त्याचा सगळा जोर सरलेला असे. नुसतं उचलून ठेवायचं. वर्षानुवर्षं त्या दोघांच्या हातून फेकताना एक कवेलू फुटलं नव्हतं.

"दृष्ट लागावी अशी जोडी!" लोक म्हणत. लोकांचं काय जातं म्हणायला? लोक छपराकडं पाहतात, छपराखाली डोकावत नाहीत. ही दृष्ट लागण्यासारखी जोडी कित्येक वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

त्यांना एक मुलगी होती, मनकर्णा. घरात तिला मनी म्हणत. पाच वर्षांची, बडबडी, बापाच्या खांद्यावरून न उतरणारी. एका उन्हाळ्यात कामठीच्या छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्याचं काम आलं, आणि निघायच्या दिवशीच पोरगी तापानं फणफणली. गोपिका म्हणाली, "मी राहते घरी." शालिकराम म्हणाला, "फेकणारी नसली त मी वर बसून माश्या मारू काय? सांजेले येऊन जाऊ." शेजारची यमुताई पोरीच्या उशाशी बसली आणि गोपिका गेली. काम लांबलं. साहेबानं रात्री तिथंच राहायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती दोघं परतली तेव्हा त्यांच्या अंगणात माणसं उभी होती आणि यमुताई त्यांच्याकडं बघायला तयार नव्हती.

तेरावं झाल्यावर गोपिका म्हणाली, "तुम्ही नेलं मले."

शालिकराम म्हणाला, "माय तू होती. तुले काहून नाही समजलं?"

दोन्ही बोलणी खरी होती, तिथंच घात झाला. खोटं बोललेलं माणसाला मागं घेता येतं, खरं कसं मागं घेणार? तेव्हापासून अबोला पडला. सुरुवातीला दारात एक शेळी होती, तिच्यामार्फत व्यवहार चाले. "सांग वं त्यायले, भाकर थंडी होऊन राहिली," असं गोपिका शेळीला सांगे. शेळी रवंथ करी आणि शालिकराम येऊन जेवायला बसे. "उद्या महालात जायाचं हाये, सांगून दे तिले," असं तोही शेळीच्याच कानात घाली. पुढं शेळी म्हातारी होऊन मेली आणि मध्यस्थ गेला. मग तेही बंद झालं.

कामावर पूर्वी गोपिका प्रत्येक कवेलूला "घ्या!" म्हणे आणि वरून "येऊ दे वं!" असं उत्तर येई. आता नुसती टिचकी उरली. रात्री एकाच खोलीत पाठीला पाठ लावून दोघं जागी असत आणि दुसरं जागं आहे हे दोघांनाही ठाऊक असे. नवरा नसलेली बाई निदान पदर तोंडाशी लावून रडू तरी शकते. नवरा हातभर अंतरावर असताना जी एकटी आहे, तिनं कुणाला सांगावं? गोपिकानं कुणालाच सांगितलं नाही. तिला वाईट वाटे, राग येई, आणि कधी कधी तर नुसतं त्याच्या खोकण्याच्या आवाजानं बरंही वाटे.

त्या दोघांमध्ये दिवसभरात जाणारी-येणारी वस्तू म्हणाल तर एकच, कवेलू. तिच्या हातातून निघायचं आणि त्याच्या हातात पोचायचं. त्या वेळी ती त्याचे हात पाही. फक्त हात. तोंडाकडं पाहायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. पण ते हात वर दिसताहेत तोवर आपलं कुणीतरी आहे, एवढं तिला वाटे. हे काम सुटलं तर आपल्यात काहीच उरणार नाही, याची तिला धास्ती होती. अलीकडं शालिकराम शिडी चढायला वेळ लावू लागला होता. शिडीही पूर्वी एकटा खांद्यावर मारून न्यायचा, आता पुढचं टोक मुकाट तिच्या खांद्यावर ठेवून मागचं स्वतः धरायचा. म्हातारा झाला, उद्या म्हणेल जमत नाही, असं गोपिकाच्या मनात येई.

अशात महालातल्या मधुसूदनरावांचं काम निघालं. मधुसूदनराव हायस्कुलात शास्त्र शिकवत. शिकवत म्हणजे काय, तो त्यांचा आजारच होता. शाळेला सुट्टी लागली की ते दूधवाल्याला दुधाची घनता समजावत आणि न्हाव्याला वस्तऱ्याची धार. त्यांची बायको चारुशीलाबाई त्या दिवसांत स्वयंपाकघराबाहेर पडत नसे. पडली तर तरफ आणि कप्पी ऐकावी लागे. तर असे हे मास्तर ओट्यावर पंचा नेसून बसले होते आणि कवेलं वर जाताना पाहत होते. पाहता पाहता त्यांची मान कवेलूबरोबर वर-खाली होऊ लागली आणि शेवटी त्यांना राहवेना.

ऊन माथ्यावर आलं होतं. थोडी कवेलं उरली होती, ती संपवून भाकरीचं फडकं सोडायचं असं गोपिकानं ठरवलं होतं. एवढ्यात मास्तर खाली उतरून तिच्या रेघेजवळ येऊन उभे राहिले.

"गोपिकाबाई, एक सांगा. कवेलू वर गेल्यावर काय करतं?"

गोपिका बावरली. तिला असं कुणी विचारलं नव्हतं. "थांबते जी," ती म्हणाली. "पापणी लवे इतकं थांबते. मंग ते घेतात."

"चूक!" मास्तर आनंदानं ओरडले. चूक सापडली की या लोकांना पुरणपोळी वाढल्यासारखं होतं. "थांबत नाही! आमची अख्खी दहावी हेच चुकते. तुम्ही मागून पाहता, म्हणून तुम्हाला नुसतं वर जाणं दिसतं. आता असं करा. सूर्य बरोबर डोक्यावर आहे. कवेलूकडं पाहूच नका, जमिनीवर त्याची सावली पडते ती पाहा."

गिऱ्हाइकाचं मन मोडू नये म्हणून गोपिकानं कवेलू उचललं, टिचकी मारली आणि मान खाली घालून फेकलं. हाताला सवय होती, त्याला डोळ्यांची गरज पडली नाही. तिच्या पायाजवळून एक लहानशी काळी सावली निघाली आणि अंगणातून सरळ भिंतीकडं गेली. सुरुवातीला जशी गेली तशीच शेवटपर्यंत गेली. ना घाई, ना खोळंबा.

"थांबली का कुठं?"

"नाही जी," गोपिका म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं. इतकी वर्षं हजारो सावल्या तिच्या पायांजवळून गेल्या होत्या आणि तिनं एक पाहिली नव्हती.

"आता ऐका. कवेलू एकच, पण त्यात चाली दोन. एक उभी, एक आडवी. तुमचा हात दोन्ही एकदमच देतो. उभ्या चालीला पृथ्वी मागं ओढते, म्हणून ती मंदावत मंदावत सरते. आडवीला ओढणारं कुणी नाही, म्हणून ती आपली चालतच राहते. ती सावली म्हणजे नुसती आडवी चाल. वर जाणं संपलं तेव्हाही पुढं जाणं चालूच होतं, आणि गंमत अशी की या दोघींना एकमेकींची खबर नसते. आडवी किती जोरात आहे याच्याशी उभीला काही देणंघेणं नाही, उभी सरली तरी आडवीला पत्ता नाही."

"एका कवेलूत राहून?" गोपिकानं विचारलं.

"एका कवेलूत राहून!"

 हे तिला शिकवायला मास्तर लागत नव्हता. तिला एकदम आपली खोली आठवली, चुलीशी ती आणि दाराशी तो.

मास्तर आता पुरते रंगात आले होते. गोपिकानं पुढचं कवेलू उचललं, तोच मास्तर म्हणाले, "आणि म्हणूनच सांगतो, तुमचं कसब हे आहे की तुमचा जोर दर खेपेला तोच, रोख तोच, जागाही तीच. मग कवेलूला दुसरीकडं जायची सोयच नाही. झेलणाऱ्यानं डोळे मिटले, तरी ते त्याच्या हातातच येणार!"

ऐकता ऐकता गोपिकानं टिचकी मारली, टण्ण वाजलं, हात मागं नेला, आणि त्या शेवटच्या बोलण्यानं तो अडला. कवेलू हातातच राहिलं. तिनं सहज वर पाहिलं.

वर शालिकरामचे हात पुढं आले होते. कवेलू यायला हवं होतं त्या जागी, त्या घटकेला, ते दोन्ही हात मिटले. हवेवर मिटले.

गोपिकानं कित्येक वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो तिच्याकडं पाहत नव्हता. अंगणाकडंही पाहत नव्हता. शेजारच्या वाडीतल्या कडुनिंबाच्या दिशेनं त्याचं तोंड होतं आणि डोळे उन्हात न मिचकावता उघडे होते, पांढुरके, दुधात पाणी घातल्यासारखे. रिकामे हात तसेच धरून तो मान कलती करून ऐकत होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शिडीचं मागचं टोक धरून तो तिच्या मागं मागं यायचा. ताट रोज त्याच जागी लागायचं, म्हणून तो न चाचपता जेवायचा. हा माणूस तिच्या कड्याच्या टिचकीवर वर बसून कवेलं झेलत होता. आंधळा माणूस छपरावर!

 त्याला फार हात लांबवायला लागू नये, जोरानं लागू नये, एवढं एकच गोपिकाच्या मनात आलं आणि तिनं हातातलं कवेलू हळूच, जपून, लहान मुलाकडं चेंडू टाकावा तसं टाकलं. पुन्हा टिचकी मारायचंही तिला सुचलं नाही. ते कवेलू वळचणीला आपटलं आणि फुटलं.

आवाजानं शालिकराम दचकला. काय झालं ते कळेना म्हणून अंदाजानं पुढं वाकला, पाय बांबूच्या कमचीवर पडला, कमची मोडली आणि तो एका कुशीवर घसरला.

"अजी, हलू नका!"

तो आवाज गोपिकाला स्वतःचाच वाटला नाही. मास्तर तोंड उघडं टाकून उभे राहिले. "हलू नका जी! उजवा हात वर न्या. वर. तिथं आढं हाये, धरा. आता डावा पाय मांगं घ्या. जराक आणखी. हां. बसा आता."

शालिकराम बसला. धाप लागली होती. खाली गोपिका दोन्ही हातांनी पदर आवळून उभी राहिली. आता त्याला कळलं होतं की तिला कळलं.

"थांबा, मी शिडी लावून येते वर," ती म्हणाली.

"थांब," वरून आवाज आला. तो आवाज म्हातारा झाला होता. "असं छप्पर उघडं टाकून जातात काय? येऊ दे वं."

येऊ दे वं. गोपिकाला रडू फुटलं. ती रेघेवर उभी राहून धाय मोकलून रडली आणि मास्तरांनी, त्यांच्या जन्मात बहुधा पहिल्यांदाच, काही समजावलं नाही. ते आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले.

तोंड धुऊन तिनं कवेलू उचललं.  एवढं तिला समजलं होतं की दया करून चालायचं नाही. दयेनं टाकलेलं कवेलू त्याच्या हातात पोचणार नाही. पोचायचं असेल तर रोजचंच फेकलं पाहिजे, तेवढ्याच जोरानं, काही झालंच नाही असं. तिनं टिचकी मारली.

"घ्या!" ती म्हणाली.

सावली तिच्या पायाजवळून निघाली आणि भिंतीकडं गेली. तिनं या खेपेला सावली पाहिली नाही, त्याचं तोंड पाहिलं. कवेलू हातात आलं तेव्हा ते तोंड थोडं हललं. मग दुसरं, मग तिसरं. सगळी कवेलं वर गेली. फुटलेल्या एकाची जागा मास्तरांनी परसातल्या जुन्या ढिगातलं काढून भरली.

तो उतरताना गोपिका शिडीखाली उभी राहिली आणि प्रत्येक पायरीला त्याचा पाय धरून खालच्या पायरीवर ठेवत गेली. त्यानं ठेवू दिला. हे आपलं शेवटचं छप्पर, हे दोघांनाही समजलं होतं, आणि ते बोलून दाखवायची गरज कुणालाच वाटली नाही.

ऊन कलल्यावर ती दोघं निघाली. पुढं गोपिका, मागं शालिकराम, मध्ये शिडी. महाल मागं पडला, नदीचा उतार आला. गोपिकाच्या मनात विचारायचं पुष्कळ होतं, पण इतक्या वर्षांनी कुठून सुरुवात करावी ते समजेना. शेवटी मागं न पाहताच ती म्हणाली,

"कवापासून दिसत नाही?"

"मांगच्या थंडीत डोळ्यापुढं धुकं होतं. आता उजेड तेवढा समजते."

"मले काहून नाही सांगतलं?"

शालिकरामनं शिडी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"कोणाजवळ सांगू?" तो म्हणाला. "शेळी त मेली."

गोपिका थांबली. शिडी थांबली, म्हणून तोही थांबला. पुलावरून बैलगाड्या चालल्या होत्या, गाडीवान हाकारत होते, आणि ती दोघं शिडीच्या दोन टोकांना उभी होती. तिला वाटलं, मागं वळावं, त्याचे हात धरावेत. पण हात शिडीत अडकलेले, आणि तशी सवयही राहिली नव्हती.

"मनी दिसते मात्र," तो हळूच म्हणाला. "बाकी समदं गेलं, ते जात नाही."

"मलेही दिसते," गोपिका म्हणाली.

एवढंच. याहून जास्त त्या दिवशी कुणाला जमलं नसतं. तिनं पदरानं डोळे पुसले, खांद्यावरची शिडी नीट केली आणि चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "खड्डा हाये, डावीकडून या."

"हो," शालिकराम म्हणाला.

"दगड हाये."

"हो."

"नाली आली. पाय लांब टाका."

"हो वं."

सक्करदऱ्यापर्यंत ती असंच बोलत राहिली. शालिकरामला तो रस्ता पाठ होता. कुठं खड्डा, कुठं दगड, कुठं नाली, हे पुढच्या टोकाच्या हिसक्यावरून त्याला रोजच समजत आलं होतं. पण त्यानं तसं सांगितलं नाही. प्रत्येक खड्ड्याला तो "हो" म्हणत गेला.